महालक्ष्म्यांच्या आराशीला ट्रिपल फाईव्ह

पोळा फुटला की चौथ्या दिवशी गणपती बसतात आणि त्यांच्या मागोमाग दोन-तीन दिवसांत महालक्ष्म्या येतात. मोताळ्यात आणि भोवतालच्या खेड्यांत हे दिवस इतक्या घाईचे, की आराशीचं काम हमखास आवाहनाच्या आदल्या रात्रीवर जातं. कपाशीवर फवारणी चालू असते, सोयाबीनच्या शेंगा भरत असतात, पाऊस कधी येईल आणि कधी दडी मारेल याचा नेम नसतो. मग घरातलं कोणीतरी गाडीला किक मारून बाजारातून चायना माळ घेऊन येतं, ती पडद्यावर सोडली की रोषणाई झाली. पुढच्या वर्षी डब्यातून काढावी तर अर्धी माळ मुकी. तिची इवलीशी डबी उघडून पाहिली तर आत एक काळा डांबरी थेंब. त्याखाली काय आहे ते दिसत नाही आणि बदलता तर मुळीच येत नाही.

माळ महाग आहे अशी तक्रार कोणीच करणार नाही. तक्रार वेगळी आहे. या माळांच्या बहुतेक प्रकारांत ट्रान्सफॉर्मर नसतो. घरातले २३० व्होल्ट डायोडमधून सरळ माळेत जातात आणि एकापुढे एक जोडलेले पुष्कळ एलईडी तो दाब आपापसांत वाटून घेतात. एकेका एलईडीच्या वाट्याला दोन-तीन व्होल्टच येतात हे खरं, पण तार कुठे सोलली गेली तर बोटाला बसतो तो सॉकेटचाच करंट. भाद्रपदातली ओल धरलेली भिंत, लोखंडी आडण्या, जरीच्या साड्या, ओल्या हातांनी फुलं-आघाडा वाहणारी घरची माणसं, आणि पडद्यामागे लपाछपी खेळणारी लेकरं. या सगळ्यात ती माळ तीन दिवस लोंबत असते.

बारा व्होल्टांवर चालणारी, प्रत्येक भाग उघडा दिसणारी आणि बिघडली तर दहा रुपयांत दुरुस्त होणारी रोषणाई घरी करता येते. तिच्या मुळाशी आठ पायांची एकच आयसी आहे, ५५५ नावाची. दुकानदार आणि मेकॅनिक तिला ट्रिपल फाईव्ह म्हणतात. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या हान्स कामेनझिंड या अभियंत्यानं ती १९७१मध्ये अमेरिकेतल्या सिग्नेटिक्स कंपनीसाठी आखली आणि १९७२मध्ये ती बाजारात आली. अर्ध्या शतकात रेडिओ गेले, डबा-टीव्ही गेले, कॅसेट गेल्या. ही आयसी अजून तशीच बनते आणि दहा-पंधरा रुपयांच्या आसपास मिळते.

सामान पोळ्याच्या आधीच आणून ठेवा. मोताळ्यातल्या इलेक्ट्रिकलच्या दुकानांत मोटारपंपाचे स्टार्टर, केबल, होल्डर, बोर्ड यांचा भरणा असतो. तिथं ही आयसी मिळेलच असं नाही. मलकापूर, बुलडाणा किंवा खामगावला टीव्ही-अँप्लिफायर दुरुस्त करणाऱ्याकडे विचारा. त्याच्याकडे विकायला नसली तरी ती कुठे मिळेल हे तो सांगेल. दुसरा मार्ग घरातलाच आहे. पुण्या-मुंबईला शिकणारं लेकरू सणाला यायला मलकापूर स्टेशनवर उतरणारच. त्याला पुण्यातल्या तपकीर गल्लीतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून पिशवीभर सामान आणायला सांगा. यादी अशी: ५५५ आयसी दोन-तीन, तिला बसवायचे आठ पायांचे बेस, १० किलो-ओहम आणि ६८ किलो-ओहमचे रेझिस्टन्स, ४७० ओहम, २२० ओहम आणि ३३० ओहमचे थोडे जास्त, १० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचे कंडेन्सर, १०३ असा आकडा छापलेले छोटे सिरॅमिक कंडेन्सर, १०० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा एक, १एन४००७ डायोड, आणि पाच मिलिमीटरचे एलईडी रंग पाहून. शिवाय एक ब्रेडबोर्ड, एक झिरो पीसीबी, बारीक तार, २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न. स्वस्तातला का होईना, मल्टीमीटर घ्याच. तो नसला की बिघाड शोधताना अंदाजानं चाचपडावं लागतं.

आता ही आयसी दिवा उघडझाप कसा करते, ते. गच्चीवरच्या टाकीची कल्पना करा. टाकीला दोन खुणा आहेत, एक तिसऱ्या हिश्श्यावर आणि एक दोन-तृतीयांशावर. पाणी वरच्या खुणेला लागलं की पंप बंद होऊन खालचा नळ उघडतो; खालच्या खुणेपर्यंत उतरलं की नळ बंद होऊन पंप पुन्हा सुरू. आपल्या सर्किटमध्ये कंडेन्सर ही टाकी आहे आणि रेझिस्टन्स म्हणजे बारीक पाइप. ५५५च्या आत सारख्या किमतीचे तीन रेझिस्टन्स बसवलेले असतात, त्यांच्यामुळे या दोन खुणा आपोआप पडतात. ९ व्होल्ट दिले तर खुणा ३ आणि ६ व्होल्टांवर, १२ दिले तर ४ आणि ८वर. कंडेन्सर भरत असताना तिसऱ्या पायावर दाब असतो, रिकामा होत असताना तो दाब जातो. दिवा त्या तिसऱ्या पायाला बांधलेला.

यात एक गंमत आहे, आणि आपल्याकडे तिचा फार उपयोग होतो. खुणा दाबाच्या प्रमाणात सरकतात, त्यामुळे भरायला लागणारा वेळ दाबावर अवलंबून राहत नाही. बॅटरी उतरत गेली तर दिवे मंद होतील, पण उघडझापेचा ठेका तोच राहील. घरच्या लाइटचं व्होल्टेज संध्याकाळी खाली येतं, रात्री अकरानंतर वर चढतं, त्यानंही ठेक्यात फरक पडत नाही. ठेका ठरतो तो फक्त दोन रेझिस्टन्स आणि एक कंडेन्सर यांवर. हिशेब सोपा आहे: पहिल्या रेझिस्टन्समध्ये दुसऱ्याची दुप्पट मिळवा, त्याला कंडेन्सरच्या किमतीनं गुणा, आणि येईल त्याला ०.६९३नं. आपल्या १० किलो-ओहम, ६८ किलो-ओहम आणि १० मायक्रोफॅरडला उत्तर येतं जवळजवळ एक सेकंद. त्यात अर्ध्या सेकंदाहून किंचित जास्त वेळ दिवा चालू आणि अर्ध्याहून किंचित कमी बंद.

कागदावर एक सेकंद आला म्हणून घड्याळ लावून बसू नका. अशा कंडेन्सरवर छापलेल्या आकड्यात वीस टक्के इकडे-तिकडे चालतं, त्यामुळे प्रत्यक्षात ०.८ किंवा १.२ सेकंदही येईल. चालू केल्यावर पहिली उघडझाप जरा लांबते, कारण तेव्हा कंडेन्सर पार रिकाम्यापासून भरतो. तो बिघाड नव्हे.

जोडणीला बसताना आयसी अशी धरा की तिच्यावरची खाच डावीकडे येईल. मग खालच्या ओळीतला डावीकडचा पहिला पाय म्हणजे १ नंबर. तिथून उजवीकडे २, ३, ४ मोजत जा आणि वरच्या ओळीत उजवीकडून डावीकडे ५, ६, ७, ८. हे मोजणं एकदा चुकलं की पुढचं सगळं चुकतं, म्हणून खाचेशेजारी नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवलात तरी चालेल. १ नंबरचा पाय मायनसला, ८ आणि ४ दोन्ही प्लसला. चौथा पाय मोकळा सोडायची सवय अनेकांना असते. तसा सोडला तर सर्किट कधी चालतं, कधी अडतं. २ आणि ६ हे पाय तारेच्या तुकड्यानं एकमेकांना जोडा. १० किलो-ओहम (तपकिरी, काळा, केशरी पट्टे) प्लस आणि ७ यांच्यामध्ये. ६८ किलो-ओहम (निळा, राखाडी, केशरी) ७ आणि ६ यांच्यामध्ये. १० मायक्रोफॅरड कंडेन्सरचा लांब पाय ६ला आणि पट्टा असलेल्या बाजूचा पाय मायनसला. १०३चा सिरॅमिक कंडेन्सर ५ आणि मायनस यांच्यामध्ये. याला उलट-सुलट नसतं. १०० मायक्रोफॅरडवाला प्लस-मायनसवर, पट्टा मायनसकडे. शेवटी ३ नंबरपासून ४७० ओहमचा रेझिस्टन्स (पिवळा, जांभळा, तपकिरी), त्यापुढे एलईडीचा लांब पाय आणि आखूड पाय मायनसला.

पहिल्यांदा हे ब्रेडबोर्डवर लावा आणि ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी जोडा. लाल दिवा संथ लुकलुकायला लागला की निम्मं काम झालं. आता दुसरा एलईडी घ्या, हिरवा समजा. त्याचा लांब पाय प्लसला जोडा, आखूड पायाला दुसरा ४७० ओहम लावून त्याचं टोक त्याच ३ नंबरला द्या. लाल पेटला की हिरवा विझेल, हिरवा पेटला की लाल. ५५५चा तिसरा पाय करंट देतो तसाच ओढूनही घेतो, म्हणून एकाच आयसीवर दोन रंगांची अदलाबदल मिळते आणि वेगळा भाग लागत नाही. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनीत ठेवायला एवढंही पुरेसं आहे. सातवी-आठवीतलं पोरगं हे स्वतःच्या हातानं करू शकतं. फक्त सोल्डरिंगला मोठ्या माणसानं शेजारी बसावं.

आराशीला मात्र दोन दिव्यांनी भागत नाही. इथं थोडा हिशेब करावा लागतो आणि बहुतेकांचं सर्किट इथेच जळतं. ५५५च्या तिसऱ्या पायाची मर्यादा २०० मिलिअँपियर आहे, पण त्याच्या निम्म्यावर थांबावं. आयसी थंड राहते, तीन दिवस सलग चालवली तरी. १२ व्होल्टांवर तिसऱ्या पायातून प्रत्यक्षात साडेदहाच्या आसपास बाहेर येतात. लाल किंवा पिवळ्या एलईडीला दोन व्होल्ट लागतात, म्हणून चार एलईडी एकापुढे एक जोडून त्यांना एक २२० ओहम लावला की अशा एका साखळीत दहा-बारा मिलिअँपियर वाहतात. साखळीतल्या दिव्यांची संख्या वाढली तरी करंट वाढत नाही, साखळ्या वाढल्या की वाढतो. हे एक वाक्य लक्षात राहिलं की उरलेला हिशेब आपोआप सुटतो. पांढरा आणि निळा एलईडी तीन व्होल्टांहून थोडे जास्त घेतो, म्हणून त्यांच्या साखळीत दोनच दिवे आणि ३३० ओहम. हिरव्यात फसगत होते: जुना मंद हिरवा दोन व्होल्टवाला, नवा झगझगीत हिरवा तीनवाला. मल्टीमीटरनं तपासून मगच साखळी करा.

एका बाजूला पाच आणि दुसऱ्या बाजूला पाच अशा चार-चार दिव्यांच्या साखळ्या केल्या तर एका आयसीवर चाळीस दिवे होतात. एका वेळी त्यातले निम्मेच पेटतात. दोन महालक्ष्म्यांच्या महिरपीला चाळीस दिवे भरपूर. प्रत्येक साखळीला तिचा स्वतःचा रेझिस्टन्स हवा. एकच रेझिस्टन्स पाच साखळ्यांना मिळून लावायची काटकसर करू नका. एलईडी एकमेकांसारखे कधीच नसतात, मग एक साखळी भडक पेटते आणि बाकीच्या मिणमिणतात.

निळ्या रंगाबद्दल एक जाता जाता. लाल एलईडी १९६२पासून आहे, पण उजळ निळा बनवायला १९९०चं दशक उजाडलं, आणि त्यासाठी तीन जपानी वंशाच्या शास्त्रज्ञांना २०१४चं नोबेल मिळालं. पांढरा एलईडी म्हणजे बहुधा निळ्यावर चढवलेला पिवळा लेप. जुन्या गणपतींच्या आराशीत फक्त लाल-पिवळे-हिरवे एलईडी दिसायचे, त्याचं हेही एक कारण. माझं मत विचाराल तर महालक्ष्म्यांच्या मुखवट्यांशेजारी आजही पिवळा आणि लालच शोभतो. निळ्या उजेडात हळद-कुंकवाचा रंग मरतो.

वीज कुठून घ्यायची? सेट-टॉप बॉक्सचा किंवा राउटरचा पडून असलेला १२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर उत्तम. त्यावर डीसी लिहिलेलं आहे ना, तेवढं पाहा. हलका, नव्या पद्धतीचा घ्या. जुने जड ट्रान्सफॉर्मरवाले अ‍ॅडॅप्टर १२ लिहून रिकामे असताना सोळा-सतरा व्होल्ट देतात, आणि साध्या ५५५चं सुरक्षित कुंपण सोळावर संपतं. म्हणून मल्टीमीटर लावून मगच जोडा. प्लसच्या तारेत १एन४००७ डायोड टाकला की उलट जोडणीतही आयसी वाचते. पट्ट्याची बाजू आयसीकडे ठेवा.

लाइट गेली तर? आपल्याकडे हा प्रश्न पहिलाच विचारला जातो. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी चाचणीपुरती ठीक आहे, चाळीस दिव्यांना ती एक संध्याकाळही धड पुरायची नाही. मोबाइलची पॉवर बँक वापरावी तर ती पाच व्होल्ट देते, आणि कित्येक पॉवर बँका एवढ्या लहान भाराला ‘फोन भरला’ समजून थोड्या वेळानं स्वतःच बंद होतात. खरा उपाय गोठ्यात टांगलेला असतो. बॅटरीवरच्या फवारणी पंपात १२ व्होल्टची बॅटरी असते, बहुधा ८ अँपियर-अवरची. आपलं सर्किट सगळं मिळून ८० मिलिअँपियरच्या आसपास घेतं. कागदावर शंभर तास; पण असली बॅटरी पूर्ण पिळून काढू नये, निम्म्यावर थांबावं. ते पन्नास तास महालक्ष्म्यांच्या तीन संध्याकाळींना पुरून उरतात. मात्र पंपच उचलून देवघराशेजारी आणून ठेवू नका. औषधाचा अंश पंपाला, पट्ट्यांना, नळीला चिकटलेला असतो. बॅटरी बाहेर काढा, ओल्या फडक्यानं पुसा, ते फडकं टाकून द्या, हात साबणानं धुवा, मग घरात आणा. आणि बॅटरीच्या प्लसला लागूनच एक अँपियरचा फ्यूज बसवा. बॅटरी लहान दिसते, पण तिच्या दोन टोकांना तार चिकटली तर ती तार क्षणात लालबुंद होते, आणि इथं आजूबाजूला साड्या असतात.

ब्रेडबोर्डवर चाललेलं सर्किट झिरो पीसीबीवर उतरवताना आयसी सरळ सोल्डर करू नका. आधी बेस सोल्डर करा, आयसी शेवटी दाबून बसवा. पुढच्या वर्षी आयसी गेली तर नखानं उचलून नवी बसवता येते. टाका घालताना आयर्नचं टोक आधी पायाला आणि पट्टीला दोन सेकंद लावा, मग सोल्डर वायर टेकवा. टोकावर सोल्डर वितळवून ते थापायला गेलात तर वरून चांगला दिसणारा आणि आतून सुटा टाका पडतो. चांगला टाका चकचकीत आणि पायाला चढलेला दिसतो, वाईट टाका धुरकट आणि गोळा झालेला. खिडकी उघडी ठेवा, साध्या सोल्डरमध्ये शिसं असतं, नंतर हात धुवा. लांब तारांच्या जोडांवर स्लीव्ह चढवा. नुसती इन्सुलेशन टेप पावसाळी दमटपणात दुसऱ्या दिवशी सुटते.

दिवा पेटत नसेल तर आधी आयसीला बोट लावा. गरम लागली तर लगेच बॅटरी काढा. उलटी बसली आहे किंवा तिसरा पाय कुठेतरी शॉर्ट आहे. थंड असेल तर मल्टीमीटर ८ आणि १ या पायांवर ठेवा. तिथं पूर्ण दाब दिसत नसेल तर दोष सर्किटचा नाही, वाट कुठेतरी तुटली आहे. दाब आहे, दिवा मात्र सतत पेटलेला किंवा सतत विझलेला, तर मल्टीमीटर ६ नंबरवर आणा. आकडा ४ आणि ८ यांच्यामध्ये वर-खाली होत असेल तर आयसी काम करते आहे, चूक ३ नंबरच्या पुढे आहे: एलईडी उलटा, नाहीतर टाका सुटा. आकडा एका जागी थांबला असेल तर २ आणि ६ जोडले का, चौथा पाय प्लसला आहे का, कंडेन्सर उलटा तर नाही, हे याच क्रमानं तपासा. दिवे सतत पेटलेले आणि थोडे मंद दिसत असतील, तर बहुधा १० मायक्रोफॅरडच्या जागी फार लहान कंडेन्सर लागला आहे. उघडझाप चालूच असते, पण सेकंदाला पन्नास-साठ वेळांच्या वर गेली की डोळ्यांना ती कळत नाही.

सर्किट जमलं की सगळ्यांना वेग वाढवायचा मोह होतो. तो आवरा. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखणारा उजेड मिरगीचा त्रास असलेल्या काही माणसांना झटका आणू शकतो, आणि महालक्ष्मीच्या जेवणाला घरात कोण कोण येणार हे आपण सांगू शकत नाही. वेग हातानं बदलता यावा असं वाटत असेल तर ६८ किलो-ओहमच्या जागी २२ किलो-ओहमचा रेझिस्टन्स आणि त्याच्यापुढे १०० किलो-ओहमचा व्हॉल्यूमसारखा फिरवायचा पॉट लावा. मग बटण कसंही फिरवा, कागदावर वेग सेकंदाला साधारण पावणेतीनच्या वर जात नाही आणि खाली पावणेदोन सेकंदाला एकपर्यंत उतरेल. कंडेन्सरच्या त्या वीस टक्क्यांमुळे वेग तीनच्या वरही जाऊ शकतो, म्हणून आधी मोजून पाहा, मगच पोरांच्या हाती बटण द्या.

याहून देखणी गोष्ट वेग न वाढवता होते. तीन वेगळी सर्किटं करा, तिन्हींत दुसरा रेझिस्टन्स फक्त बदला: एकात ४७, एकात ६८, एकात १०० किलो-ओहम. ठेके येतील पाऊण, एक आणि दीड सेकंदाच्या आसपास. तिन्हींचे दिवे महिरपीवर एकमेकांत मिसळून लावा. कधी सगळे एकदम पेटतात, कधी एकेक करून, आणि तोच नमुना पुन्हा यायला फार वेळ लागतो. कंडेन्सरमधला तो वीस टक्क्यांचा ढिलेपणा इथं आपल्याच कामी येतो. बाजारातल्या माळेचे आठ प्रकार तासाभरात पाठ होतात. हे होत नाहीत. धावता दिवा हवा असेल तर ५५५च्या पुढे ४०१७ ही आयसी जोडतात आणि तिच्या दहा पायांवर दिवे एकामागून एक पळतात. पण तिचे पाय अशक्त, प्रत्येकाला ट्रान्झिस्टर लावावा लागतो. पहिल्या वर्षी त्या भानगडीत पडू नये.

मंडळाच्या मखराला पाच मीटरची १२ व्होल्टची एलईडी पट्टी लुकलुकवायची असेल तर ती थेट तिसऱ्या पायाला लावू नका. साध्या पट्टीलाही दोन अँपियर लागू शकतात. मध्ये आयआरएफझेड४४एन हा मॉस्फेट घाला: ३ नंबरपासून १०० ओहममधून गेटला, गेटपासून १० किलो-ओहम मायनसला, सोर्स मायनसला, आणि पट्टीचा मायनस ड्रेनला. पट्टीचा प्लस सरळ तीन अँपियरच्या अ‍ॅडॅप्टरला. रिले लावून २३० व्होल्टचे हॅलोजन लुकलुकवायची कल्पना कोणी मांडली तर नको म्हणा. आणि मंडळाची वीज महावितरणच्या तात्पुरत्या मीटरवरूनच घ्या. पावसात आकडा टाकायला खांबावर चढणारा पोरगा कोणाच्या तरी घरचा असतो.

मांडणीत एक पथ्य पाळा. मुखवट्यांवर स्थिर उजेड ठेवा, उघडझाप कडेला. चेहऱ्यामागे लुकलुकणारा दिवा असला की नजर चेहऱ्यावर ठरत नाही. राज्यात २०१८पासून थर्माकोलच्या आराशीवर बंदी आहे, त्यामुळे महिरपीला जाड पुठ्ठा घ्या. त्याला पाच मिलिमीटरची भोकं पाडली की एलईडी घट्ट बसतात. उजेड टोकदार वाटला तर एलईडीचं डोकं झिरो नंबरच्या पॉलिश पेपरवर हलकं घासा, तो चहूबाजूंना पसरतो. घरात गेल्या हंगामातला कापूस असेलच. त्याचा पातळ थर दिव्यांवर पसरला तर ढगात चमकल्यासारखं दिसतं आणि दहा मिलिअँपियरचा एलईडी कापूस तापवत नाही. समई आणि निरांजन मात्र त्या कापसापासून हातभर लांब.

विसर्जन झाल्यावर साखळ्या पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळा, गोळा करून डब्यात कोंबू नका. तारा टाक्यापाशीच तुटतात. बॅटरी काढून घ्या, पूर्ण भरा आणि पुन्हा पंपात बसवा, दुसऱ्या दिवशी फवारणीला ती लागणारच. कोणता रेझिस्टन्स कुठं लावला ते कागदावर लिहून डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा. हेच सर्किट दिवाळीला आकाशकंदिलात चालतं. सर्किट घरात ठेवा, कंदिलापर्यंत एका रंगाला दोन तारा न्या आणि दोन रंगांना तीन. तार खिडकीतून आत घेण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे परतीच्या पावसाचं पाणी तारेवरून आत न येता झोळावरून ठिबकतं. आणि १० मायक्रोफॅरडच्या जागी २२चा कंडेन्सर लावा. रस्त्यावरून पाहायच्या कंदिलाला सव्वादोन सेकंदांचा संथ ठेका बरा.